स्प्रिंगची तोफ: दुसऱ्या खाचेला फसू नका

स्प्रिंगने उडवलेली गोळी किती लांब पडेल, हे अकरावी-बारावीचं ठरलेलं गणित. ते हाताने करून बघण्यासाठी पुण्यात पेठेतल्या प्रयोगसाहित्याच्या दुकानांत जे संच मिळतात, त्यातला हा एक, दोन हजारांच्या आतला. पितळी नळी, आत स्प्रिंग आणि दट्ट्या, मागे ओढायची मूठ, ती अडकवायच्या तीन खाचा, १६ मिमीची पोलादी गोळी, टेबलाला आवळायचा शिकंजा आणि चार पानी माहितीपत्रक. वस्तू चांगली आहे. माहितीपत्रक चुकीचं आहे, आणि चूक इतकी बेमालूम की एकाच खाचेवर प्रयोग उरकणाऱ्याला ती कधीच सापडणार नाही.

खाचा १५, २५ आणि ३५ मिमीवर आहेत. स्प्रिंगचा स्थिरांक २०० न्यूटन प्रति मीटर छापलाय, गोळी १६.७ ग्रॅमची. पत्रकाची रीत सरळ: स्थिरांक गुणिले दाबाचा (म्हणजे स्प्रिंग जेवढं अंतर दाबली त्याचा) वर्ग, त्याचं निम्मं ही स्थितिज ऊर्जा, ती सगळी गोळीच्या गतिज ऊर्जेत गेली असं धरा, वेग काढा, टेबलाच्या उंचीवरून पडायचा वेळ काढा, गुणाकार म्हणजे पल्ला. ९० सेंमी उंचीवरून आडवी गोळी मारली तर वेळ येतो ०.४२९ सेकंद (पुण्यात गुरुत्वत्वरण ९.७८ धरा, ९.८ धरलं तरी इथे फरक दिसत नाही). या रीतीने तीन खाचांचे पल्ले येतात ७०, ११७ आणि १६४ सेंमी. गोळी प्रत्यक्षात पडते ७६, १११ आणि १४५ वर. पहिल्या खाचेला हिशेबापेक्षा लांब, तिसऱ्याला बरीच अलीकडे, आणि मधल्या खाचेला जवळजवळ बरोबर. पत्रकातलं सोडवलेलं उदाहरण मधल्याच खाचेचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

दोन चुका एकमेकींना झाकतात. पहिली: मूठ ओढायच्या आधीच स्प्रिंग नळीत १० मिमी दाबून बसवलेली आहे. त्यामुळे ३५ मिमी ओढल्यावर खरा दाब ४५ मिमी. दट्ट्या पुढच्या कडीला आपटून थांबतो तेव्हा १० मिमी दाब तसाच शिल्लक राहतो, म्हणून मिळणारी ऊर्जा ४५ च्या वर्गातून १० चा वर्ग वजा करून काढायची. ३५ चा वर्ग घेऊन नाही. तिसऱ्या खाचेला ती ०.१२२ नव्हे, ०.१९२ ज्यूल भरते. दुसरी चूक: ही ऊर्जा एकट्या गोळीला मिळत नाही. १२ ग्रॅमचा दट्ट्याही त्याच वेगाने पळतो, आणि ९ ग्रॅमच्या स्प्रिंगचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३ ग्रॅम, त्यात धरावा लागतो. १६.७ च्या जागी ३१.७ ग्रॅम. गोळी सुटताना 'ठक्' असा जो आवाज येतो, तो दट्ट्याच्या वाट्याची ऊर्जा कडीत जिरल्याचा. दोन्ही दुरुस्त्या केल्या की पल्ले येतात ७८, ११४ आणि १५० सेंमी. उरलेला दोन-तीन टक्क्यांचा फरक घर्षणाचा, आणि तो तिन्ही खाचांना एकाच बाजूला पडतो.

आधीचा दाब पत्रकात कुठेच दिलेला नाही, पण संच न उघडता तो सापडतो. नळी तोंड वर करून उभी आवळा, आत दट्ट्यावर लाकडी दांडी ठेवा आणि तिच्या डोक्यावर चपटं झाकण ठेवून वजनं चढवत जा. दांडी आणि झाकणाचं वजनही मोजणीत धरा. साधारण १९० ग्रॅमपर्यंत दट्ट्या ढिम्म हलत नाही. स्प्रिंग आधीच तेवढ्या, अधिक दट्ट्याच्या स्वतःच्या वजनाएवढ्या, जोराने दाबलेली असते. तिथून पुढे दर ५० ग्रॅमला तो अडीच मिमीच्या आसपास खाली जातो, आणि ५०० ग्रॅमला बरोबर पहिल्या खाचेशी येतो. यातून स्थिरांक आणि आधीचा दाब दोन्ही निघतात. छापलेला २०० चा आकडा खरा आहे, एवढं श्रेय पत्रकाला द्यायला हवं.

मांडणीत सर्वात त्रास देतो तो कोनमापक. त्याचा स्क्रू ढिला आहे. नळी एक अंश जरी वर गेली तरी तिसऱ्या खाचेला गोळी दोन सेंमी पुढे पडते, तेव्हा गवंड्याची लेव्हल नळीवर ठेवूनच आडवी करा. पुढे झुकलेली तर मुळीच नको: गोळी दट्ट्यापासून सुटून पुढे घरंगळते, दट्ट्या मागून येऊन तिला ठोकतो, आणि मग कुठलाच हिशेब जुळत नाही. जमिनीवरची शून्य खूण नळीच्या ओठातून ओळंबा सोडून करा. गोळी पडते तिथे पांढरा कागद चिकटवून वर कार्बन पेपर, काळी बाजू खाली. शिकंजा कसून आवळा, नाहीतर धक्क्याने नळीच मागे सरकते आणि पल्ला घटतो.

तिरप्या नळीसाठी पत्रक एक ओळही देत नाही. नळीतून वर चढताना गोळी आणि दट्ट्या दोघांचं वजन उचललं जातं. ४५ अंशांना ते पहिल्या खाचेची जवळजवळ सहा टक्के ऊर्जा खातं, तिसऱ्या खाचेची साडेतीन. कमी दाबाला गुरुत्वाचा वाटा जास्त, हे इथे छान दिसतं.

मुलं हमखास एक करतात: पूर्ण दाबाचं बल घेऊन, त्यावरून त्वरण काढून, स्थिर त्वरणाच्या सूत्रात घालतात. बल तर दाब सुटत जाईल तसं कमी होत जातं. आधीचा दाब नसलेल्या स्प्रिंगला या रीतीने ऊर्जा बरोबर दुप्पट येते, पल्ला १.४१ पट. ऊर्जेची रीत वापरायचं कारण समजावायला हीच चूक फळ्यावर करून दाखवावी.

घेताना तिसऱ्या खाचेची धार बोटाने तपासा. ती गोल झालेली असेल तर मूठ आपोआप सुटते. रिकामी नळी झाडू नका, गोळीविना सगळा मार कडीवर बसतो. नळीच्या तोंडासमोर चेहरा न्यायचा नाही, हे वर्गात दोनदा सांगावं. संचात गोळी एकच येते आणि ती कपाटाखाली जाणारच. नाना पेठेतल्या बेअरिंगच्या दुकानातून दुसरी घ्याल तर ती ५/८ इंची नाही ना, हे बघा: तिचं वजन १६.३ ग्रॅमच्या आसपास असतं, आणि मग हिशेब नव्याने मांडावा लागतो.