पॉलिहाऊसमधला ईसी मीटर: ढोबळी मिरचीच्या अख्ख्या हंगामानंतर

पेनासारखा दिसणारा हा ईसी मीटर ढोबळीच्या पूर्ण हंगामात वापरला. ईसी म्हणजे विद्युत वाहकता; पाण्यात क्षार जास्त तितका आकडा मोठा. पॉलिहाऊस असणाऱ्या प्रत्येकानं तो घ्यावाच, असं माझं ठाम मत झालंय.

उघड्या रानात पावसाळ्यात मातीतले क्षार धुऊन जातात. पॉलिहाऊसच्या कागदाखाली पाऊस पडतच नाही. ड्रिपमधून सोडलेल्या १९:१९:१९, १३:०:४५ या विद्राव्य खतांमधलं पिकानं न उचललेलं बरंचसं बेडमध्येच साठत राहतं.

मुळाजवळची, वीतभर खोलीवरची माती सावलीत वाळवून घेते. एक भाग माती, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालतात तेच), अर्धा तास अधूनमधून ढवळायचं आणि गाळ बसला की वरच्या पाण्यात मीटर बुडवायचा. एकाच बेडवर ड्रिपरखाली ०.६ एमएस/सेंमी (मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर, ईसीचं एकक) आला आणि पांढरी खपली धरलेल्या काठाला १.९! त्या बेडवर पानं कडेनं करपत होती, फळांच्या बुडाला काळपट चट्टे पडत होते. दुकानातून सल्ला मिळाला, कॅल्शियम नायट्रेट वाढवा. माती परीक्षणात मात्र कॅल्शियम भरपूर निघालं. कॅल्शियम फळापर्यंत जातं ते पाण्याबरोबर, आणि क्षार वाढले की मुळांना पाणीच ओढवत नाही. खताचा डोस निम्म्यावर आणला, तेव्हा पुढच्या तोड्यांना फळ स्वच्छ निघालं.

ढोबळीला १.५ च्या वर उत्पादन घटतं, असं छापलेलं असतं. तो आकडा संपृक्त मातीच्या अर्काचा, म्हणजे माती पाण्यानं जेमतेम पूर्ण भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याचा असतो. आपल्या १:२ (एक भाग माती, दोन भाग पाणी) पद्धतीत आकडा त्याहून बराच कमी येतो, त्यामुळे १.४ दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

नुसतं पाणी सोडून क्षार खाली ढकलता येतात, पण मला ते पटत नाही. खतातलं नायट्रेट त्या पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि आमच्या घरात त्याच विहिरीचं पाणी पितात. त्यापेक्षा खत कमी टाकलेलं बरं.

मीटरला मर्यादा आहेतच. क्षार किती ते कळतं, कोणते ते नाही. स्फुरदयुक्त खतं ज्या खडकापासून बनतात त्यातलं कॅडमियम (विषारी धातू) थोडं थोडं मातीत येतं, ते इथे दिसणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. इलेक्ट्रोडवर चिखलाची साय धरली की आकडा भरकटतो, म्हणून दर वेळी धुऊन ठेवायचा आणि १४१३ च्या (मायक्रोसिमेन्स/सेंमी, म्हणजे १.४१३ एमएस/सेंमी) प्रमाणित द्रावणात अधूनमधून तपासून घ्यायचा.

घेताना एमएस/सेंमी दाखवणाराच घ्या. पीपीएम (दशलक्षात किती भाग) दाखवणाऱ्यांत ईसीच्या आकड्याला कोणी ५०० नं गुणतं, कोणी ७०० नं, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी तुमचा आकडा जुळत नाही.