चार दिवस, एक सॅक: रतनगड–हरिश्चंद्रगड की वेळास–कोळथरे?

एकेक दिवसाचे ट्रेक करून झालेत, आता पाठीवर सॅक घेऊन तीन मुक्कामांची सलग चाल करायची आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत चार दिवस मोकळे आहेत. अशा माणसासमोर साधारण दोन पर्याय येतात. एक घाटमाथ्यावरचा: रतनवाडीहून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि खिरेश्वरला उतरणं. दुसरा समुद्राकडेचा: मंडणगड तालुक्यातल्या वेळासहून निघून केळशी, आंजर्ले, हर्णे, मुरूड, लाडघर करत कोळथरेपर्यंत. दोन्हींना ‘ट्रेक’ म्हणतात खरं, पण तयारी इतकी वेगळी लागते की एकाचं सामान दुसरीकडे ओझं होतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. डोंगर अवघड आणि किनारा सोपा, असं सर्रास सांगितलं जातं. चढ-उताराचा हिशेब केला तर ते खरंही आहे. पण दुपारी एक वाजता, ऊन डोक्यावर असताना, भरती आल्यामुळे कोरड्या भुसभुशीत वाळूतून सॅक घेऊन चालून बघा. प्रत्येक पावलाला पाय निम्मा मागे सरकतो. ओली वाळू घट्ट असते, पण ती समुद्राकडे उतरती. तासन् तास एक पाय वर आणि एक खाली असं चाललं की गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. कात्राबाईच्या चढावर दम लागतो, तो दहा मिनिटं बसलं की जातो. वाळूचा त्रास रात्री मुक्कामाला कळतो.

माझ्या मते निवड ठरवणारी गोष्ट वेगळीच आहे: मधेच सोडावं लागलं तर काय?

किनाऱ्यावर तुम्ही कधीही गावापासून फार लांब नसता. केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, पाजपंढरी, हर्णे, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी अशी गावं एकामागून एक लागतात आणि बहुतेक ठिकाणांहून दापोलीकडे जायला एसटी नाहीतर रिक्षा मिळते. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला ताप आला, तर त्या माणसाला गाडीत बसवून बाकीचे पुढे जाऊ शकतात. रतनगडाहून निघून कात्राबाईच्या खिंडीकडे वळलात की तसं नाही. खिंडीच्या अलीकडे काही झालं तर उलट रतनवाडीला, पलीकडे झालं तर कुमशेतला. मधल्या जंगलात फोनला रेंज असेलच असं धरून चालू नये. कुमशेतहून राजूरकडे रस्ता आहे, पण वाहन मिळेल त्या वेळी. 108 ला फोन लावला तरी रुग्णवाहिका येणार ती रस्त्यापर्यंतच. तिथवर माणसाला खांद्यावरून तुम्हीच आणायचं असतं.

म्हणून ग्रुपमध्ये एक जरी माणूस असा असेल की त्याच्या दमाचा अंदाज नाही, तर पहिली मोठी चाल खाली कोकणातच करावी. सगळे एकमेकांना ओळखून असाल आणि निदान एकाने तरी ही रेंज, म्हणजे डोंगररांगेवरची ही सलग चाल, आधी केलेली असेल, तर मग वर जाण्यासारखं सुख नाही.

आता वेळापत्रक. डोंगरावर ते ठरवतात उजेड आणि पाणी. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं, त्यामुळे चार-साडेचारला मुक्काम गाठायचा या हिशेबाने पहाटे निघायचं. पहिला दिवस: रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव मंदिर निवांत बघून, लोखंडी शिड्या चढून रतनगड, जमलं तर संध्याकाळी नेढ्यात, म्हणजे कड्याला पडलेल्या आरपार भोकात, बसायचं. तिथून अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई (1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर) दिसतात. दुसरा दिवस कात्राबाईची खिंड चढून पलीकडे कुमशेत. तिसरा कुमशेतहून पेठेची वाडी, पाचनई आणि वर हरिश्चंद्रगड. चौथ्या दिवशी सकाळी कोकणकडा, मग बालेकिल्ल्याच्या अंगाने तोलार खिंडीत आणि खिरेश्वर. यात सगळ्यात जास्त चुकामूक हरिश्चंद्रगडाच्या पठारावर होते. तिथे ढोरवाटा इतक्या फुटल्या आहेत की धुक्यात तोलार खिंडीची वाट सापडत नाही. कुमशेतहून एखादा वाटाड्या सोबत घेतला तर पैसे वाया गेले असं कधी वाटणार नाही.

पाणी गडांवरच्या टाक्यांत असतं, पण प्रत्येक टाकं पिण्यालायक नसतं, त्यामुळे कुठलं चांगलं ते गावात विचारून घ्यायचं. जानेवारी सरेपर्यंत वाटेतले बरेच ओहोळ आटतात. माणशी तीन लिटर भरून निघावं. फेब्रुवारीनंतर ही रेंज करायचा मोह टाळलेला बरा.

किनाऱ्याचं घड्याळ मात्र चंद्राच्या हाती. इथे बहुतेक शहरी मंडळी फसतात, कारण ती सुट्टी बघून तारीख ठरवतात आणि तिथी बघतच नाहीत. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, आणि ओहोटी भर दुपारी बाराला. चालायला याहून वाईट दिवस नाही. थंड वेळेला पाणी वर, आणि वाळू मोकळी होते तेव्हा ऊन तापलेलं. उलट चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की द्वितीयेपासून पंचमीपर्यंत ओहोटी अनुक्रमे साडेसात, सव्वाआठ, नऊ आणि पावणेदहाला पडते. शिवाय ते दिवस उधाणाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या, जवळचे, त्यामुळे ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि रस्त्यासारखी घट्ट वाळू उघडी पडते. पहाटे फटफटलं की निघायचं, दहा-साडेदहापर्यंत दिवसाची मोठी चाल उरकायची, मग गावात जेवण आणि झोप, आणि उन्हं कलल्यावर उरलेलं अंतर सड्यावरच्या (किनाऱ्यालगतच्या कातळी पठारावरच्या) नाहीतर गावातल्या रस्त्याने. हा ठोकताळा अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या आदल्या रात्री भरती-ओहोटीचं कोष्टक बघावंच. पण रजा कुठल्या आठवड्यात टाकायची ते ठरवायला घरातली दिनदर्शिका पुरते.

चालायची दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुतेक वायव्येचा असतो, तो मग पाठीवर येतो.

खाड्यांबद्दल जरा सविस्तर, कारण या वाटेवरचा खरा धोका तिथे आहे. वेळास आणि केळशीच्या मधे भारजा नदीची खाडी आडवी येते. गावात चौकशी करून होडी ठरली तर पलीकडे. नाही ठरली तर गाडीने वळसा घालायचा आणि अर्धा दिवस गेला असं समजायचं. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल आहे, तिथे काळजी नाही. आडे आणि इतर ठिकाणचे ओढे, छोट्या खाड्या ओहोटीला गुडघाभर दिसतात आणि मोह होतो. स्थानिक माणूस पुढे असेल तरच, आणि पाणी उतरत असतानाच त्यात पाय घालावा. भरती लागली असताना, ‘आत्ता तर एवढंच पाणी आहे’ म्हणून सॅकसकट उतरणं हा वेडेपणा आहे. पाण्याची ओढ एकवेळ दिसते, खालचा चिखल दिसत नाही. दोन गावांमधल्या खडकाळ टोकांचंही तसंच. भरतीच्या वेळी पायथ्याने वळसा मारायला जाऊ नका, वरच्या सड्याने जा. सड्यावर कातळात फुरसं हा विषारी साप असतो, रत्नागिरी जिल्ह्यात त्याचं प्रमाण बरंच आहे. बसताना दगडाखाली हात घालू नये.

डोंगरावर सापापेक्षा मला आग्या माश्यांची धास्ती जास्त. कड्यांवर पोळी असतात. धूर, अत्तराचा फवारा आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टी घरी ठेवून यायच्या.

ओझ्याचा फरक प्रचंड आहे. वर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा एक आकडी होऊ शकतो. स्लीपिंग बॅग, मॅट, जाड कपडे, शिधा, गॅसची शेगडी धरून सॅक पन्नास-साठ लिटरची होते. कुमशेतला घरात जेवण सांगितलं आणि हरिश्चंद्रगडावर गावकऱ्यांच्या झोपड्यांत पिठलं-भाकरी मिळते हे धरलं तर शिधा एका वेळेवर येतो. पण आडवारी, म्हणजे शनिवार-रविवार सोडून, गडावर झोपड्या बंद असू शकतात, म्हणून पाचनईत आधी फोन करून विचारावं. लाकडं तोडून चूल पेटवायचा विचार सोडा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं, आणि गडावर रात्री राहू देतात की नाही हे त्या-त्या हंगामात विचारूनच ठरवावं लागतं.

खाली तीस लिटरची सॅक पुष्कळ झाली. गावोगावी घरगुती राहायची सोय आहे, ताटात आंबोळी नाहीतर सुरमई येते, आणि तंबूची गरजच पडत नाही. तंबू ठोकायचाच असेल तर वाळूवर नको. याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला या किनाऱ्यांवर येतात. वेळासला तर त्यांच्या संवर्धनामुळेच गावाचं नाव झालं. विजेऱ्यांचा उजेड आणि रात्रीची गडबड त्यांना परतवून लावते. पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर डिसेंबर उपयोगाचा नाही, त्यासाठी साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढे यावं लागतं. तेव्हा उन्हामुळे सकाळी नऊनंतर चालणं संपतं. कासवं हवीत की चाल, हे आधीच ठरवा. दोन्ही एकाच फेरीत बसवायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

पायात काय? वर घोट्याला आधार देणारे, पकड असलेले बूट. खाली पट्ट्यांचे सँडल, आणि सड्यासाठी हलके बूट सॅकमध्ये. मोज्यात वाळू गेली की दोन तासांत फोड येतात.

एकांताच्या अपेक्षेने कुणी निवड करत असेल तर थोडं स्पष्ट सांगतो. कात्राबाईच्या खिंडीत तो नक्की मिळतो. शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडावर नाही मिळत, पाचनईकडून गाड्याच्या गाड्या येतात. म्हणून गडावरचा मुक्काम आडवारी पडेल अशा बेताने रविवारी किंवा सोमवारी सुरुवात करावी. किनाऱ्यावर केळशी ते आंजर्ले हा तुकडा शांत आहे, कोळथऱ्याचाही. मुरूड-कर्द्याला मात्र नाताळच्या सुमाराला वाळूवरून गाड्या फिरवणारे आणि पाण्यात यांत्रिक खेळ खेळणारे भेटतील. तिथून भराभर पुढे लाडघरला निघून जावं. जाता जाता मुरुडात एवढं आठवावं की महर्षी कर्वे याच गावचे. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी इथून साताऱ्याला चालत गेले होते, घाट चढून. आणि तिथे पोचल्यावर वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही.

लहान मुलं सोबत असतील तर किनारा, पण चारऐवजी दोन दिवसांचा: आंजर्ल्याहून कड्यावरचा गणपती बघून निघायचं, हर्णेला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायचा, पुढे मुरूड. सुवर्णदुर्ग समोर दिसत राहतो, मुलं रमतात. गुडघे कुरकुरत असतील तर उलट डोंगरही पूर्ण सोडायला नको. नुसतं पाचनईहून हरिश्चंद्रगड दोन-अडीच तासांचं आहे, आणि तेवढ्यानेही कोकणकड्यावरचा सूर्यास्त मिळतो. नळीच्या वाटेने चढायचं मात्र कुणी सुचवलं तर ती वाट या तुलनेत बसत नाही, तिला दोर आणि अनुभवी नेता लागतो.

पावसाळ्याचा विचार करत असाल तर किनारा बादच. उधाण, बंद होड्या, फुगलेले ओढे. रेंजही नको, कारण ओढे ओलांडणं बेभरवशाचं होतं. त्या दिवसांत फार तर पाचनईची वाट, तीही जिल्हा प्रशासनाने बंदी घातलेली नाही ना ते बघून.

राहिला प्रवास. वर जायला कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून जीपने घोटीमार्गे शेंडी आणि रतनवाडी. जीप आदल्या दिवशी सांगून ठेवली तर सकाळचे दोन तास वाचतात. परतीला खिरेश्वरहून खुबी फाट्यावर आलं की माळशेज घाटातून कल्याणला जाणारी एसटी मिळते, पण ती भरून येते, त्यामुळे फाट्यावर दुपारी तीनच्या आत असावं. खाली जायला मंडणगडहून वेळासची गाडी धरायची. श्रीवर्धनकडून येणाऱ्यांना बागमांडला-वेश्वी फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून येता येतं, ते जास्त मजेचं आहे. कोळथऱ्याहून दापोली आणि दापोलीहून खेड स्टेशन. कोकण रेल्वेचं परतीचं आरक्षण मात्र तिथी ठरल्याबरोबर करून टाका, नाताळच्या आठवड्यात ते शेवटच्या क्षणी मिळत नाही.