झेपेलिनची पिसं काढणाऱ्या समीक्षा आज कितपत कामाच्या?

रॉकच्या चाहत्यांसमोर ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत-मासिकाचं नाव काढा, दोन मिनिटांत लेड झेपेलिनचा विषय निघतो आणि मग यादीच सुरू होते. १९६९ मध्ये झेपेलिनच्या पहिल्या अल्बमला झोडपलं. १९७० मध्ये ब्लॅक सॅबथला ‘क्रीमसारखे, पण त्याहून वाईट’ ठरवलं (क्रीम हा तेव्हाचा गाजलेला ब्लूज-रॉक संघ). १९७५ मध्ये पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’वर कोमट पाणी ओतलं, १९७६ मध्ये एसी/डीसीच्या ‘हाय व्होल्टेज’ला हार्ड रॉकचा तळ म्हटलं आणि ‘जॅझ’ या अल्बमवरून डेव्ह मार्शने क्वीनला चक्क फॅसिस्ट म्हणून टाकलं. यादी खरी आहे, रागही समजण्यासारखा आहे. पण आज एखाद्याला जुना रॉक नव्याने ऐकायचा असेल किंवा रेकॉर्ड विकत घ्यायची असेल, तर या समीक्षा त्याला काय देतात? इथे परीक्षण आहे ते अल्बमचं नाही, या सेवेचं. आमचं मत आधीच सांगतो: निकाल वाचू नका, वर्णन जरूर वाचा.

सुरुवात झेपेलिनपासूनच करू, कारण हे प्रकरण तपासून बघता येतं. ‘रोलिंग स्टोन’मध्ये जॉन मेंडेल्सनने मार्च १९६९ मध्ये लिहिलेल्या समीक्षेचा गाभा असा: झेपेलिनचा जिमी पेज गिटारवादक म्हणून असामान्य तयारीचा आहे, पण निर्माता म्हणून तोकडा आणि गीतकार म्हणून सामान्य, आणि जेफ बेक ग्रुपने ‘ट्रुथ’ या अल्बममध्ये हेच काम आधीच, जास्त चांगलं करून ठेवलं आहे. यातला शेवटचा मुद्दा कुणीही घरी पडताळू शकतो. ‘यू शुक मी’ हे विली डिक्सनचं गाणं दोन्ही अल्बमवर आहे. ‘ट्रुथ’वर ते अडीच मिनिटांचं, झेपेलिनकडे साडेसहा मिनिटांच्या आसपास. गंमत म्हणजे ‘ट्रुथ’वरच्या गाण्यात ऑर्गन वाजवणारा जॉन पॉल जोन्स हाच पुढे झेपेलिनचा बेसवादक. दोन्ही पाठोपाठ लावा. बेककडे गाणं घाईत उरकल्यासारखं वाटतं, गिटार आवाजाच्या अंगावर धावून येते. झेपेलिनकडे हार्मोनिका, ऑर्गन आणि गिटार प्रत्येकाला आपली पाळी मिळते आणि शेवटी गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज आणि पेजची गिटार एकमेकांची नक्कल करत खाली उतरतात. ज्याला ब्लूज आटोपशीर हवा, त्याला मेंडेल्सनचं म्हणणं पटेलही. म्हणजे तुलना अन्यायाची नव्हती. चूक झाली ती निर्मितीबद्दल. ऑलिंपिक स्टुडिओत साधारण ३६ तासांत रेकॉर्ड झालेल्या या अल्बममध्ये ड्रम्सजवळच्या मायक्रोफोनखेरीज लांबवरही मायक्रोफोन ठेवून खोलीचा आवाज पकडला होता. ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’च्या पहिल्या दहा सेकंदांत तो फरक कानावर येतो. पुढची कित्येक वर्षं लोक ज्या ड्रम्सच्या आवाजामागे धावले, त्याच्या निर्मात्याला समीक्षक तोकडा म्हणत होता.

मात्र चाहत्यांनीही इथे फार ताठ मानेने फिरू नये. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’चं मूळ जेक होम्सचं, ‘बेब आय एम गॉना लीव्ह यू’ अ‍ॅन ब्रेडनचं, आणि दोघांची नावं अल्बमवर यायला कित्येक वर्षं गेली. गाणी लिहिण्यात हा संघ उसनवारीवर उभा होता, ही तक्रार निव्वळ आकसाची म्हणून झटकता येत नाही.

सॅबथचं उदाहरण त्याहून शिकवणारं आहे. पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ रोजी, एकाच दिवसात रेकॉर्ड झाला. जवळपास सगळं थेट वाजवलेलं, वरून थोडीशी भर. ती समीक्षा लिहिणाऱ्या लेस्टर बँग्जने क्रीमचं नाव घेतलं ते हवेतून नाही. ‘वॉर्निंग’ हे ऐन्स्ली डनबरच्या संघाकडून घेतलेलं गाणं दहा मिनिटांपुढे जातं आणि त्यातली मधली गिटार खरोखरच क्रीमच्या मैफलीतल्या लांबणीसारखी भरकटते. दुसरी बाजू लावली तर बँग्ज बरोबर वाटतो. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं लावलं, तीन सुरांचा तो रखडत चालणारा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून) ऐकला, की तो चूक वाटतो. तिथे क्रीमचा मागमूस नाही. समीक्षकाने अल्बमचा जुना भाग अचूक ओळखला आणि नव्या भागाला वजनच दिलं नाही. झोडपणाऱ्या समीक्षांमध्ये हा दोष सगळ्यात जास्त वेळा सापडतो. ओळखीचं ते लगेच कानात बसतं, आणि अनोळखी गोष्टीला त्या क्षणी तोलायला मापच नसतं.

याच बँग्जने १९६९ मध्ये एमसी-५ या संघाच्या ‘किक आउट द जॅम्स’चीही सालटी काढली आणि पुढे मत बदलून त्याच संघाची बाजू घेतली. कुठल्याही समीक्षकाचं एक वाक्य पन्नास वर्षं कवटाळून बसण्याआधी हे लक्षात घ्यावं.

दोष कुठून येतो हे कळलं तर सेवा वापरणं सोपं जातं. पहिलं कारण वेळ. समीक्षा अल्बम बाजारात असतानाच छापून यावी लागते, त्यामुळे लिहिणाऱ्याला मिळतात काही दिवस. रोलिंग स्टोन्स या संघाच्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’सारखा चार बाजूंचा, मुद्दाम गढूळ मिक्स केलेला, आवाज वाद्यांत बुडवलेला अल्बम काही दिवसांत उलगडत नाही. लेनी केने १९७२ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकात या संघाचा प्रौढ काळातला खरा मोठा अल्बम अजून यायचाय, असं लिहिलं. तीस वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच मासिकाच्या पाचशे सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत ‘एक्झाइल’ सातवा होता. (केची समीक्षा मुळात संमिश्र आहे, झोडपणारी नाही. चाहत्यांच्या यादीत ती उगाच अडकली आहे.)

दुसरं कारण यंत्रसामग्री, आणि याबद्दल कुणी बोलतच नाही. रिचर्ड गोल्डस्टीनने १९६७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ला दिखाऊ, आतून फसवा ठरवलं आणि लोक तुटून पडले. आपल्या स्टीरिओचा एक स्पीकर तेव्हा बिघडलेला होता, हे त्याने नंतर सांगितलं. त्या काळच्या स्टीरिओ मिक्समध्ये (मिक्स म्हणजे सगळ्या आवाजांची अंतिम जुळणी) अनेक ठिकाणी गाणं एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला टाकलेली असत. एक बाजू गेली की अर्धा अल्बम गेला. शिवाय बीटल्सनी स्वतः बसून घडवला तो मोनो, म्हणजे सगळा आवाज एकत्र असलेला मिक्स. स्टीरिओचं काम त्यांच्या गैरहजेरीत, भराभर उरकलं गेलं. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोमध्ये वेगात चालतं आणि साधारण अर्धा सूर वर आहे. स्टीरिओत ते रेंगाळतं. समीक्षकाने कोणता मिक्स, कशावर ऐकला, हे समीक्षेत लिहिलेलं नसेल तर ‘संथ’ किंवा ‘पोकळ’ या शेऱ्यांची किंमत निम्मी धरावी.

तिसरं कारण गाजावाजा. झेपेलिनला अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने लाखाहून जास्त डॉलर आगाऊ दिले होते. अजून एकही रेकॉर्ड न काढलेल्या संघासाठी ही रक्कम अवाढव्य होती, आणि ती बातमी गाण्यांच्या आधी पोचली. समीक्षक मग संगीताऐवजी जाहिरातीशी भांडायला लागतो. पेजने १९७१ मध्ये चौथ्या अल्बमच्या वेष्टनावर ना नाव छापलं ना शीर्षक, ते याच वैतागातून. आणि गंमत अशी की त्या अल्बमला ‘रोलिंग स्टोन’ने चांगलं म्हटलं.

आता वेगवेगळ्या दुकानांचा माल बघू.

अमेरिकी समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊचं ‘कन्झ्युमर गाइड’ १९६९ पासून चाललेलं. प्रत्येक अल्बमला चार-पाच ओळी आणि शाळेसारखी अक्षरी श्रेणी. प्रोग रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) आणि हेवी मेटलचे चाहते याच्यावर सगळ्यात जास्त खार खातात: किंग क्रिम्झनच्या पहिल्या अल्बमला डी प्लस, पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ला बी. तरीही वापरण्याजोगी ही सेवा आमच्या मते सर्वांत पुढे आहे, कारण माणूस एकच आहे आणि त्याची आवड पक्की आहे. लांब सोलो, मेलोट्रॉन (टेपवर चालणारं कीबोर्डवाद्य), पुराणकथा, गंभीर चेहरे या गोष्टी त्याला चालत नाहीत. तीन मिनिटांची चटपटीत गाणी आणि शब्दांतली हुशारी चालते. तुम्हाला उलटं आवडत असेल तर त्याची सी श्रेणी बिनधास्त खरेदीची खूण समजा. वजनकाट्यात दोष आहे, पण तो रोज तेवढाच दाखवतो, म्हणून हिशेब जमतो.

मासिकांच्या ताऱ्यांचं तसं नाही. तिथे आज एक जण लिहितो, उद्या दुसरा, आणि तारे मात्र संस्थेच्या नावावर जमा होतात. निर्वाणा संघाच्या ‘नेव्हरमाइंड’ला १९९१ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने पाचपैकी तीन तारे दिले आणि २००३ च्या यादीत तोच अल्बम सतरावा बसवला. मत बदलणं गैर नाही. कशामुळे बदललं हे न सांगणं गैर. पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळाने निदान उघडपणे केलं: २०२१ मध्ये १९ जुन्या गुणांचा फेरविचार छापला, त्यात लिझ फेअरच्या अल्बमचं ०.० वरून ६.० झालं. पण दशांश चिन्हाचं हे सोंग आम्हाला कधीच पटलं नाही. टूलच्या ‘लॅटरलस’ला १.९ देताना त्यात २.० पेक्षा ०.१ नक्की काय कमी होतं, हे कुठलाही कान सांगू शकणार नाही.

मेटाक्रिटिकसारख्या, समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या जागा या विषयापुरत्या निरुपयोगी आहेत. त्या २००० च्या आसपास सुरू झाल्या, त्यामुळे जुन्या अल्बमच्या नावापुढे आकडा दिसलाच तर तो बहुधा पुनर्प्रकाशित संचाचा असतो, म्हणजे अल्बम थोर ठरून गेल्यानंतरचा. तिथले आकडे बहुधा उंचच असतात.

मग चाहत्यांनी स्वतः दिलेले गुण? इथे आमची निराशा जास्त झाली. वीझरच्या ‘पिंकर्टन’ला १९९६ मध्ये वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत बसवलं ते ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी, समीक्षकांनी नव्हे, आणि २००२ मध्ये वाचकांनीच त्याला सार्वकालिक उत्तमांत सोळावा क्रमांक दिला. ‘रेट युवर म्युझिक’ या श्रोत्यांच्या संकेतस्थळावर अर्ध्या ताऱ्यापासून पाचापर्यंत गुण देता येतात, पण जुन्या अल्बमच्या पानावर येणारा माणूस बहुतेक वेळा तो आवडतो म्हणूनच येतो. तिथला आकडा सोडा, लांबलचक लिहिलेल्या तीन ताऱ्यांच्या नोंदी शोधा. चांगलं काय आणि कुठलं गाणं टाळावं, हे दोन्ही एकत्र फक्त तिथेच मिळतं.

झोडपणारी समीक्षा कामाला लावायची रीत फार अवघड नाही. वाचताना सगळी विशेषणं खोडा आणि उरलेली नामं व क्रियापदं बघा. ‘विश यू वेअर हिअर’च्या समीक्षेत ‘शाइन ऑन’ ही संघाचा जुना सदस्य सिड बॅरेट याला वाहिलेली रचना निर्विकारपणे गायल्याची तक्रार आहे. तक्रार काढून टाकली की उरतं: गायन थंड, भावना दाबलेली, रचना नऊ भागांची, पंचवीस मिनिटांहून मोठी आणि अल्बमच्या दोन टोकांना वाटलेली. ज्याला असा अल्बम हवा आहे त्याला खात्रीचा पत्ता मिळाला. समीक्षेत तुलनेला घेतलेला अल्बम लगेच ऐका; ज्या समीक्षेत एकाही गाण्याचा ठावठिकाणा नाही, ती फेकून द्या. ऐकताना बाजू तोडू नका: रेकॉर्डची एक बाजू साधारण वीस मिनिटांची, आणि गाण्यांचा क्रम त्या हिशेबाने लावलेला असतो. शफल चालू असेल तर तुमचं मतही गोल्डस्टीनच्या एका स्पीकरइतकंच भरवशाचं.

दोन आवृत्त्यांची तुलना करताना आवाजाची पातळी समान ठेवा. मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, आणि नंतरचे बरेच रिमास्टर (जुन्या रेकॉर्डिंगवर नव्याने काम करून काढलेल्या आवृत्त्या) मुद्दाम मोठे केलेले आहेत. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन (सगळी गाणी सारख्या आवाजात वाजवण्याची सोय) चालू ठेवलं की ही फसवणूक बरीच कमी होते. स्टूजेसचा ‘रॉ पॉवर’ याचं टोकाचं उदाहरण: १९७३ चा डेव्हिड बोवीचा मिक्स किरटा आणि विचित्र तोल असलेला, तर १९९७ चा संघाचा गायक इगी पॉपचा मिक्स इतका मोठा की आवाज फाटतो. दोन्ही एकाच नावाखाली विकले जातात आणि दोघांना सारखेच तारे लागू होतात.

ऑनलाइन दुकानांतल्या ग्राहकांच्या शेऱ्यांवर म्हणूनच विसंबू नये. तिथे सीडी, रेकॉर्ड, रिमास्टर सगळ्यांचे शेरे एकाच ढिगात असतात. डिस्कॉग्ज या रेकॉर्डांच्या सूची-संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीचं वेगळं पान आहे, रेकॉर्डच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला क्रमांक तिथे जुळवता येतो आणि त्या विशिष्ट प्रतीबद्दलचे शेरे खाली असतात. ऑझी ऑस्बोर्नचे ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ जुन्या सीडीच्या दुकानात घेताना तर हे करावंच. २००२ च्या आवृत्तीत बॉब डेझ्लीचा बेस आणि ली कर्सलेकचे ड्रम्स पुसून नव्या वादकांकडून वाजवून घेतले होते. मूळ वादन २०११ च्या आवृत्तीत परत आलं. खोक्यावर २००२ दिसलं तर ती सीडी जिथून उचलली तिथेच ठेवा.