निसर्गपट थिएटरात की घरी? मुलांना घेऊन बघायचा असेल तर

अधूनमधून एखादा निसर्गपट मोठ्या पडद्यावर येतो. शहरात दोन-तीन ठिकाणी लागतो, तोही सकाळी नाहीतर भर दुपारी, आणि पुढच्या शुक्रवारी उतरतो. घरात लहान मुलं असली की त्या चार-पाच दिवसांत ठरवावं लागतं: चौघांची तिकिटं काढायची, की थोडं थांबून तोच चित्रपट घरी टीव्हीवर बघायचा?

माझं उत्तर आधीच सांगते. मूल सहा-सात वर्षांचं झालंय आणि निवेदनाची भाषा त्याला कळते, या दोन्ही गोष्टी जुळत असतील तर थिएटरात जा, फार विचार करू नका. यातली एक जरी जुळत नसेल तर घर बरं. तिकिटाचे पैसे, पडद्याचा आकार, पॉपकॉर्न हे सगळं त्यानंतर येतं.

एकच चित्रपट, दोन ठिकाणी

'वाइल्ड कर्नाटक'चं उदाहरण घ्या. अमोघवर्ष आणि कल्याण वर्मा यांनी कर्नाटक वन विभागाच्या साथीनं केलेला हा जेमतेम तासाभराचा चित्रपट. 17 जानेवारी 2020 ला तो थिएटरात लागला, निसर्गपटांचे प्रसिद्ध ब्रिटिश निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या इंग्रजी निवेदनासह. भारतातल्या वन्यजीवांवरचा माहितीपट असा रीतसर मल्टिप्लेक्सला लागणं ही तेव्हा अप्रूपाची गोष्ट होती. मग त्याच वर्षी 5 जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, तो डिस्कव्हरी वाहिनीवर आला. हिंदी निवेदन राजकुमार राव यांचं, तमिळ आणि तेलुगू प्रकाश राज यांचं, कन्नड ऋषभ शेट्टी यांचं. म्हणजे जो पाच महिने थांबला त्याला तोच वाघ, तोच हत्ती, तोच नागराज घरबसल्या आणि कळणाऱ्या भाषेत बघायला मिळाला.

या चित्रपटाला 67व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट निवेदनाचा पुरस्कार मिळाला. अ‍ॅटनबरोंचा आवाज ऐकणं हा स्वतंत्र आनंद आहे, त्यात वाद नाही. पण दुसरीत शिकणाऱ्या, मराठी माध्यमातल्या मुलीला त्या संथ, दबक्या इंग्रजीतलं किती कळणार? तिला वाघ दिसतो. वाघ तिथे का थांबलाय, शेपटी का हलवतोय, हे सगळं निवेदनात असतं. आणि थिएटरात तिच्या कानात कुजबुजून भाषांतर करत बसणं म्हणजे पुढच्या रांगेवर अन्याय, शिवाय तिचंही लक्ष तुटतं.

घरी हा प्रश्नच उरत नाही. हिंदी निवेदन लावता येतं. तेही जड जात असेल तर आवाज कमी करून स्वतः मराठीत सांगता येतं. आमच्या ओळखीतल्या एक आजी नातवंडांना असंच दाखवतात. टीव्ही जवळजवळ मुका, आणि आजींचं चाललेलं असतं, "आता बघ हं, ती हत्तीण पिल्लाला पाण्याच्या कडेनं नेतेय, मध्ये नाही जाऊ देत." मुलं टीव्हीकडे कमी आणि आजींच्या तोंडाकडे जास्त बघतात, पण हत्तीच्या कळपात पुढे कोण चालतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मराठी निवेदनाचा निसर्गपट थिएटरात लागणं आजही दुर्मीळ आहे, आणि ही उणीव मला फार लागते. तोवर तिकीट काढण्याआधी पहिली चौकशी भाषेची करा. बुकिंगच्या अ‍ॅपवर चित्रपटाच्या नावाखाली भाषा दिलेली असते.

चित्र आणि आवाज

दुकानदार सांगतात की घरी फोर-के टीव्ही असला की थिएटरची गरज नाही. आकड्यांत बघितलं तर त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. घरच्या फोर-के टीव्हीवर 3840 गुणिले 2160 ठिपके असतात. आपल्याकडच्या अनेक थिएटरांत अजून टू-के प्रोजेक्टर आहेत, म्हणजे 2048 गुणिले 1080. कागदावर टीव्हीच वरचढ.

पण डोळा ठिपके मोजत बसत नाही. 55 इंची टीव्ही साधारण सव्वा मीटर रुंद असतो. तीन मीटरवरच्या सोफ्यावरून तो आपल्या नजरेचा तेवीसेक अंशांचा कोन व्यापतो. थिएटरातला बारा मीटर रुंदीचा पडदा चौदा मीटरवरून बघितला तर तो कोन पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, जवळजवळ दुप्पट. याचा परिणाम निसर्गपटात फार होतो, कारण त्यातली दृश्यं दोन टोकांची असतात: एकतर अख्खं खोरं, नाहीतर मुंगीच्या मिश्या. खोऱ्याच्या दृश्यात कोपऱ्यातून पळणारा ठिपकाएवढा प्राणी टीव्हीवर मुलांच्या नजरेतून सुटतो. मोठ्या पडद्यावर तो त्यांना स्वतःला सापडतो, आणि "तो बघ!" असं ओरडायची संधी मिळते. जंगलात गेल्यावर जे सुख मिळतं त्याचा थोडा अंश इथे आहे.

आवाजात तर घर पारच मागे पडतं. हत्ती एकमेकांशी बोलताना जी घुमणारी गुरगुर काढतात तिचा मूळ स्वर 20 हर्ट्झच्या आसपास, बरेचदा त्याच्याही खाली असतो. माणसाच्या कानाची हद्द तिथेच संपते. त्याच्या वरचा जो घुमारा आपल्याला ऐकू येतो, तोही टीव्हीच्या अंगच्या चपट्या स्पीकरांना पेलत नाही. ते तो सरळ गाळतात. थिएटरातल्या वूफरमधून तोच आवाज छातीत आणि खुर्चीच्या पाठीत जाणवतो. पावसाच्या पहिल्या सरीचं, धबधब्याचं, कळप पळतानाच्या खुरांचंही तसंच.

इथे एक गोष्ट मोठ्या मुलांना जरूर सांगावी. यातले बरेच आवाज जंगलातले नसतातच. कॅमेरा लांब पल्ल्याच्या भिंगानं शे-दोनशे मीटरवरून चित्रण करतो, तिथून हरणाच्या चघळण्याचा आवाज मिळणं शक्य नसतं. तो नंतर स्टुडिओत तयार करून जोडतात. तसंच एकच प्राणी म्हणून जो दाखवतात तो कित्येकदा तीन-चार वेगवेगळ्या प्राण्यांच्या तुकड्यांतून जुळवलेला असतो. बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ'च्या दुसऱ्या मालिकेत, 2016 साली, प्रशांत महासागरातल्या गालापागोसच्या फर्नांडिना बेटावर सापांच्या तावडीतून निसटणारं इग्वाना या मोठ्या सरड्याचं पिल्लू जगभर गाजलं. तेही एकाच पिल्लाचं सलग चित्रण नव्हतं, हे करणाऱ्यांनीच सांगितलंय. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे कळलं की ती हिरमुसत नाहीत, उलट पुढच्या वेळी जोड कुठे आहे ते शोधायला लागतात. हा उद्योग मात्र घरीच जमतो, कारण त्यासाठी चित्र थांबवून मागे न्यावं लागतं.

पिल्लू मेलं तर?

'कुटुंबासह बघावा असा' याचा अर्थ त्यात मरण नाही असा होत नाही. 'मार्च ऑफ द पेंग्विन्स' हा 2005 चा फ्रेंच चित्रपट घ्या. ऑस्कर मिळालेला, अमेरिकेत अगदी सर्वांसाठी खुला असं प्रमाणपत्र असलेला. त्यात एम्परर पेंग्विनची मादी अंडं नराच्या पायांवर सरकवते, मग नर ते पोटाखालच्या घडीत घेऊन अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात सुमारे दोन महिने उपाशी उभा राहतो. पण एका जोडीचं अंडं या देवाणघेवाणीत निसटतं आणि बर्फावर गोठून तडकतं. दृश्य लहानसंच आहे, रक्त नाही, किंचाळी नाही. पाच वर्षांचं मूल मात्र त्याच दृश्यापाशी अडकतं: "आई, आतलं बाळ मेलं का? मग बाबा पेंग्विन आता काय करणार?"

थिएटरात या प्रश्नाला फक्त "हो रे, नंतर सांगते" एवढंच उत्तर देता येतं. घरी चित्रपट थांबवून, मांडीवर घेऊन बोलता येतं. काही वेळा ते दृश्य टाळणंही बरं. नेटफ्लिक्सवरच्या 'अवर प्लॅनेट'मध्ये (2019) रशियाच्या किनाऱ्यावरचे वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचे अवजड समुद्री प्राणी, उंच कड्यावरून खाली कोसळतात. ते बघून मोठी माणसंसुद्धा इतकी हलली की नेटफ्लिक्सनं स्वतःच नकोशी दृश्यं कोणत्या मिनिटाला येतात याची यादी दिली होती. थिएटरात अशी सोय नसते.

म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना मी तरी थिएटरात नेणार नाही. अंधार, मोठा आवाज, थंडगार एसी आणि त्यात शिकारीचं दृश्य, हे सगळं एकदम त्यांच्या अंगावर येतं. सात-आठच्या पुढे हाच हिशेब उलटतो. प्रश्न मनात धरून ठेवणं त्यांना जमायला लागतं आणि परतीच्या रिक्षात जी चर्चा होते ती घरी दर दोन मिनिटांनी चित्र थांबवून होत नाही. घरी मोठ्या मुलांचं वेगळंच दुखणं असतं: फोन वाजतो, कुकरची शिट्टी होते, कुणीतरी पाणी मागतं. निसर्गपटाला एक संथ लय असते. बिबट्या हलतच नाही असं मिनिटभर चालतं. ते मिनिट थिएटरात धरून ठेवतं, घरी मूल उठून जातं.

प्रमाणपत्रही बघून घ्या. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर आपल्याकडे यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या चित्रपटांच्या, वर्गात सात, तेरा आणि सोळा वर्षांवरची अशा तीन पायऱ्या झाल्या आहेत. ओटीटीवरही साधारण तशीच विभागणी दिसते. निसर्गपटाला 'यूए 7+' असेल आणि मूल पाचचं असेल तर आधी कुणा मोठ्यानं एकट्यानं बघून यावा.

खर्चाचं

खर्चाचं फार सांगण्यासारखं नाही. चौघांची तिकिटं, जाणंयेणं आणि मध्यंतरातलं खाणं मिळून जेवढे होतात तेवढ्यात ओटीटीची काही महिन्यांची वर्गणी निघते. वर्षातून एखाद्या चांगल्या निसर्गपटासाठी ते खर्च करावेत असं मला मनापासून वाटतं. दर महिन्याला करायची गरज नाही. सकाळचा खेळ बहुधा स्वस्त असतो आणि मुलंही ताजीतवानी असतात. जागा शेवटच्या तीन-चार रांगांत, मधोमध घ्या. लहान मुलाला बाथरूमला न्यावं लागणार असेल तर तेवढ्यापुरती कडेची.

तिसरी वाट

सांगोला, चिपळूण, गडहिंग्लज अशा गावांत राहणाऱ्यांपुढे थिएटरचा पर्याय बहुधा नसतोच, तिथे निसर्गपट लागत नाहीत. त्यांच्यासाठी, आणि खरंतर शहरातल्यांसाठीही, महोत्सव ही फार चांगली सोय आहे. किर्लोस्कर वसुंधरा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पुण्यात सुरू झाला आणि राज्यातल्या इतर शहरांतही पोचला. तिथे पर्यावरणावरचे चित्रपट विनामूल्य बघायला मिळतात. 2020 मध्ये पाचगणीतून सुरू झालेला ऑल्ट ईएफएफ हाही पर्यावरणपटांचाच महोत्सव. अशा ठिकाणी चित्रपट छोटे असतात, वीस-तीस मिनिटांचे, आणि अनेकदा चित्रपट करणारी माणसं तिथेच भेटतात. आठवीतल्या मुलानं "तुम्ही त्या झाडावर किती दिवस बसला होतात?" असं थेट विचारावं आणि समोरून खरं उत्तर मिळावं, हे मल्टिप्लेक्सला मिळत नाही, टीव्हीवर तर नाहीच.

शाळेत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून दाखवायचा बेत असेल तर एक लक्षात असू द्या. ओटीटीची वर्गणी घरगुती वापरासाठी असते. सार्वजनिक ठिकाणी दाखवायला हक्क असलेल्यांची परवानगी लागते. काही निर्माते शाळांना सहज परवानगी देतात, एक ईमेल करून बघायला हरकत नाही. हॉलच्या खिडक्या दुपारी नीट झाकता येत नसतील तर खेळ संध्याकाळी ठेवा, नाहीतर रात्रीची दृश्यं पडद्यावर नुसती करडी दिसतात.

घरीच बघायचं ठरलं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. त्यानं जंगल टीव्ही मालिकेच्या सेटसारखं दिसायला लागतं. भडक रंगांचा 'व्हिव्हिड' मोडही काढून टाका. दिवे मालवा, एखादा साधा बाहेरचा स्पीकर जोडा, आणि पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आधीच बंद करून ठेवा, म्हणजे चित्रपट संपल्यावर मुलांना बोलायला जागा राहील.

आणि घरात पाच वर्षांचा धाकटा आणि दहा वर्षांची थोरली अशी जोडी असेल, जी बहुतेक घरांत असतेच, तर दोघांना एकत्र नेण्याचा हट्ट सोडा. थोरलीला बाबांनी किंवा मावशीनं सकाळच्या खेळाला न्यावं. चित्रपट टीव्हीवर आला की धाकट्याला तो तिनं दाखवावा. कोणतं दृश्य पुढे ढकलायचं हे तिला तोवर ठाऊक असेल.