दुसऱ्या शतकातला तुकडा आणि पावती सोव्हेनियरची

होली लँड टूरला जाताय आणि पॅकेजमध्ये इजिप्त पण आहे, तर हे वाचून जा. आमचा चर्चचा ग्रुप होता, कैरोत शेवटच्या दिवशी गाइडने एका दुकानात नेलं, बाकीचे अत्तरं हुंगत बसले आणि मला मालकाने आतल्या खोलीत बोलावलं, चहा पाजला आणि फडक्यात गुंडाळलेली एक फ्रेम काढली. काचेखाली तळहाताएवढा तपकिरी पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला प्राचीन कागद, त्यावर ग्रीक अक्षरं. म्हणे बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान, दुसरं शतक, मँचेस्टरला आहे त्याचाच भाऊ. झालं, तिथेच विरघळलो, कारण मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीतल्या पी५२ बद्दल, म्हणजे याच शुभवर्तमानाच्या फार जुन्या तुकड्याबद्दल मी वाचलेलं, तो १९२० साली इजिप्तमध्येच विकत घेतलेला, जेमतेम ९ बाय ६ सेंटिमीटरचा. काहीच माहीत नसतं तर वाचलो असतो. ९०० डॉलरवरून ४०० ला सौदा पटला.

घरी आल्यावर सेमिनरीत शिकवणाऱ्या ओळखीच्या सरांना दाखवला. भिंग लावून बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ही कड बघ, पान फाटतं तेव्हा अक्षर मधेच तुटतं, इथे अक्षरं कडेपाशी येऊन अंग चोरून बसलीत, म्हणजे लिहायच्या आधीच तुकडा फाटलेला. शाई पण भेगांत उतरलेली. मागचा पुठ्ठा सोडवला तर पाठ कोरी! पी५२ पुस्तकाचं पान आहे, दोन्हीकडे मजकूर. तो पुठ्ठा कशासाठी चिकटवलेला ते तेव्हा कळलं.

वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलचे डेड सी स्क्रोल्सचे (मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन ज्यू हस्तलिखितांचे) १६ च्या १६ तुकडे २०२० मध्ये खोटे निघाले, तिथेही नवी शाई जुन्या भेगांत. आणि कोणी कार्बन डेटिंगचा (वय मोजायच्या चाचणीचा) कागद नाचवला तरी हुरळू नका, २०१२ मध्ये गाजलेल्या, येशू 'माझी बायको' म्हणतो असं लिहिलेल्या तुकड्याचा पपायरस खरंच जुना होता, मजकूर बनावट.

तक्रार तरी कुठे करणार? इजिप्तमध्ये १९८३ च्या ११७ नंबरच्या कायद्याने प्राचीन वस्तूंचा व्यापारच बंद आहे, म्हणजे माल खरा असता तर एअरपोर्टवर मीच आत गेलो असतो. पावतीवर लिहिलंय हॅण्डमेड सोव्हेनियर. कस्टमचा त्रास नको म्हणून असं लिहितो, असं मालक म्हणाला होता, आणि मी त्याला वर थँक्यू म्हणून आलो.