तांब्याची तार सोडून फायबरवर: अडत पेढीच्या दूरध्वनीचे परीक्षण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याची अडत करणाऱ्या आमच्या पेढीचा लँडलाइन क्रमांक बिलबुकांवर, पाटीवर आणि परगावच्या खरेदीदारांच्या वह्यांत पक्का बसलेला आहे. त्यामुळे फायबरवरची दूरध्वनी सेवा घेताना ०२३३ चा जुना क्रमांक तसाच राहावा, एवढीच आमची मुख्य अट होती. मोबाइलप्रमाणे लँडलाइनचा क्रमांक घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची सोय आपल्याकडे नसल्याने आम्ही त्याच कंपनीच्या फायबरवर गेलो आणि ती अट पूर्ण झाली.

आवाजाबाबत तक्रारीला जागा नाही. पावसाळ्यात जमिनीखालच्या जोडांत पाणी शिरले की तांब्याच्या तारेवर जी खरखर सुरू होई आणि सौद्याच्या ऐन वेळी फोन डेड होई, ती कटकट संपली, कारण काचेच्या तंतूतून जाणाऱ्या प्रकाशाला ओलीने गंज चढत नाही. पेढीतले सगळे फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारा जुना ईपीएबीएक्सही बदलावा लागला नाही. भिंतीवरच्या ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिथे येऊन संपते त्या डब्याच्या, फोन पोर्टमधून निघालेली तार त्यात जोडताच सगळी एक्स्टेन्शन पूर्ववत चालू झाली.

खरी उणीव विजेची आहे. तांब्याच्या जोडीतून एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा पुरवठा थेट फोनपर्यंत येत असे, म्हणून यार्डातली वीज गेली तरी साधा फोन वाजत राही. ओएनटीला मात्र जागेवरचीच वीज लागते, म्हणजे एक्स्चेंजने इतकी वर्षे मुकाट्याने सांभाळलेली बॅटरी आता ग्राहकाने सांभाळायची आहे, आणि हे जोडणी करणाऱ्यांनी आपणहून सांगितले नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस आम्ही स्वतंत्र घेतला. तो जोडणीच्या खर्चातच धरावा.

जुन्या तारेवर आणखी काय काय लटकले आहे, हेही आधी तपासावे. फॅक्स बेभरवशाचा झाला, त्याचे दुःख नाही, कारण मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या आता व्हॉट्सॲपवरच जातात. गोदामाच्या चोरघंटेचा आपोआप फोन लावणारा डबा मात्र नव्या लाइनवर नीट चालेना, म्हणून तो सिमकार्डावर न्यावा लागला. ब्रिटनमध्येही जुने दूरध्वनी जाळे बंद करण्याची मुदत डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ वर गेली, ती प्रामुख्याने एकट्या वृद्धांच्या घरांतील, फोनच्या तारेवरून मदत बोलावणाऱ्या घंटांच्या काळजीमुळे. तेव्हा ही अडचण आमच्या यार्डापुरती नाही.

ज्या पेढीला इंटरनेट आणि लँडलाइन दोन्ही लागतात, तिने ही सेवा जरूर घ्यावी. फक्त पहिल्याच दिवशी मोबाइलवर कॉल फॉरवर्डिंग सुरू करून घ्यावे, कारण रस्ता खोदताना फायबर तुटली तर ती हाताने पिळून जोडता येत नाही आणि स्प्लायसिंगचे, म्हणजे तंतूची टोके वितळवून जोडण्याचे, यंत्र घेऊन माणूस येईपर्यंत थांबावे लागते.