टेम्पोतला झोप पकडणारा कॅमेरा: एक आंबा सीझन आणि एक पावसाळा वापरून

फेब्रुवारीत, वाशीला पहिल्या पेट्या जायच्या आठवड्यात, मी माझ्या आयशर टेम्पोत ड्रायव्हरच्या तोंडावर रोखलेला कॅमेरा बसवून घेतला. आता सप्टेंबर आहे. दुकानदार काय सांगतो ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून वापरून काय दिसलं ते लिहितो.

कारण आधी सांगतो. गेल्या वर्षी एप्रिलात मीच चालवत होतो. वडखळच्या अलीकडे पहाटे चारला डोळे उघडले तेव्हा डावं चाक खडीवर खडखडत होतं. डोळे मिटले कधी ते आजही आठवत नाही. पेट्या वाचल्या, मीही वाचलो. घरी काही बोललो नाही.

कॅमेऱ्याचा डबा मुठीएवढा, डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या मागे बसतो. साडेअकरा हजार, वर वर्षाचं रिचार्ज वेगळं. अंधारात दिसावं म्हणून आत इन्फ्रारेड दिवे आहेत. काळोखात बघितलं तर दोन मंद लाल ठिपके दिसतात, बाकी ड्रायव्हरला त्रास काही नाही. पापणी जवळजवळ मिटलेली, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर, मिनिटातला किती वेळ राहते हे मोजायचं, ही यामागची जुनी युक्ती. शिवाय डोळे दोनेक सेकंद सलग मिटले की तो लगेच किंचाळतो. ६० च्या वेगाला दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर गाडी आंधळी गेली. जांभई, कानाला फोन, मान वळवून बाजूला बघणं, हेही पकडतो.

ड्रायव्हर माझ्याकडे नऊ वर्षं आहे. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मालकानू, हो माझ्यार नजर ठेवूक लावलात काय?" मी म्हटलं, "तुझ्यार नाय, तुझ्या झोपेर." त्याला ते पटलं नव्हतं. मग माइक बंद करून घेतला आणि अलर्टवरून पगाराचा एक रुपया कापणार नाही असं सांगितलं, तेव्हा कुठे मवाळ झाला. हे दोन्ही करा, नाहीतर पैसे पाण्यात. ओळखीचा एक गाडीवाला दर अलर्टला शंभर रुपये कापायचा. त्याच्या ड्रायव्हरने आठवड्यात लेन्सवर तंबाखूची पुडी चिकटवली.

पहिला महिना नुसता वैताग होता. कान खाजवला की फोन. तंबाखू थुंकायला खिडकीबाहेर वाकला की "लक्ष द्या". तोंडाला गमछा गुंडाळला की जांभई दिसतच नाही. सगळ्यात मजा म्हणजे घाटातलं देऊळ आलं की हा चालत्या गाडीतून कपाळाला हात लावतो आणि डबा ओरडतो, फोन वापरू नका! वेग २५ च्या खाली असेल तर डबा गप्प असतो, त्यामुळे घाटात चढताना काही बोलत नाही. ते ठीकच आहे, घाटात सहसा झोप येतही नाही. झोप येते ती सरळ, गुळगुळीत काँक्रीटवर. कशेडीचा बोगदा झाल्यापासून वळणं गेली, तशी ड्रायव्हरला जागं ठेवणारी एक गोष्टही गेली, असं माझं मत.

आता मुख्य मुद्दा. माझी खात्री होती की अलर्ट रात्रीच्या भरल्या फेरीत येणार. देवगडहून संध्याकाळी निघायचं, नांदगावला मुंबई-गोवा हायवे, पहाटे वाशी. आले, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान आले, पण मोजकेच. भरली गाडी, भाव मिळायची घाई, फोनवर दलाल, माणूस ताणलेला असतो. खरा ढीग पडला तो परतीच्या रिकाम्या फेरीत, भर दुपारी.

मी ते सोडून दिलं होतं. म्हटलं, परतताना तोंड दक्षिणेला, ऊन उजवीकडून म्हणजे थेट ड्रायव्हरच्या तोंडावर, डोळे बारीक केले की डबा फसत असणार. हातखंब्याच्या पुढे संध्याकाळी तसे खोटे अलर्ट खरोखर येतातही. पण एका रविवारी बसून क्लिपा बघितल्या. एक लोट्याजवळची, दुपारी अडीचची. ऊन डोक्यावर, तोंडावर नाहीच. चित्र राखाडी. गळ्यात गमछा, ओठ किंचित उघडे. झाडांच्या सावल्या चेहऱ्यावरून सरकतायत. डावी पापणी आधी खाली येते, मग उजवी, आणि हात स्टिअरिंगवर अगदी व्यवस्थित. बीप झाल्यावर दचकून तो आधी आरशात बघतो, मग कॅमेऱ्याकडे, आणि चोरी पकडल्यासारखा हसतो. त्याला दाखवली तर म्हणाला, "माका वाटला, मी जागोच आसय." माझंही वडखळला हेच झालं होतं.

हिशेब मांडला तर सरळ होतं. पहाटे पोचला, माल उतरेपर्यंत सात, चहा, नऊला परत निघाला. रात्रभर जागलेला माणूस दुपारी जेवून, रिकाम्या गाडीत. त्यात सगळ्यांचंच शरीर दुपारी दोन ते चार जरा ढेपाळतं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम लिहिलं होतं, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागायचा. आम्ही दोन गाड्यांचे मालक, आम्हाला विचारणारं कोण?

मार्चअखेर वाशीत पार्किंगच्या मागे सीझनपुरती एक खोली घेतली, दोन खाटा आणि पंखा. केबिनमध्ये एप्रिलच्या उन्हात झोप लागत नाही, करून बघितलंय. नियम एकच: पाच तास झोपल्याशिवाय चावी फिरवायची नाही. आठवड्याला एक फेरी कमी झाली, भाड्यात फटका बसला, बायकोने दोनदा विचारलं. दुपारचे अलर्ट मात्र मे महिन्यात पाच-सहावर आले, तेही बहुतेक उन्हाचे.

तक्रारी आहेत. पावसाळ्यात सकाळी काच पुसली नाही तर लेन्सवर बाष्प धरतं आणि डबा तासभर नुसता "चेहरा दिसत नाही" म्हणतो. खाऱ्या हवेने कनेक्टरला हिरवा गंज चढला. वायरमनकडून ग्रीस लावून टेप मारून घ्या, पहिल्याच दिवशी. काळ्या गॉगलमागचे डोळे काही वेळा दिसतात, काही वेळा नाही. घाटात रेंज नसते तेव्हा क्लिप कार्डात राहते आणि नंतर चढते, ते चांगलं. पण कंपनीची सर्व्हिस भिकार. ऐन एप्रिलात ॲप बंद पडलं, माणूस बाराव्या दिवशी आला, तोवर मी कार्ड काढून लॅपटॉपवर बघत होतो.

युरोपात जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांत झोपेचा इशारा सक्तीचा आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्या स्टिअरिंग कसं हलतंय यावरून अंदाज बांधतात. माणगाव-इंदापूरचे खड्डे चुकवणारा ड्रायव्हर त्यांना पट्टीचा झोपाळू वाटेल. आपल्याकडे डोळे बघणाराच घ्यावा.

ऑक्टोबरात मासळीची भाडी जोर धरतील. दुसऱ्या टेम्पोचा पोरगा गेल्या महिन्यापासून मागे लागलाय, माझ्या गाडीत कॅमेरा कधी बसवताय म्हणून. मला कौतुक वाटलं. नंतर कळलं, कॅमेऱ्याच्या गाडीला वाशीची खोली मिळते असं त्याला माझ्या पहिल्या ड्रायव्हरने सांगितलंय.